लायब्ररीतली सोयरीक

आमच्या घरात सकाळ व्हायची ती जळलेल्या मोटारीच्या वासाने. बाबांचं मोटारी बांधायचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा खण. मधे भिंत नाही, एक पडदा, तोही आईच्या जुन्या लुगड्याचा. थंडीत गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की बोरी अरबच्या चहूकडच्या विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक जळायच्या आणि बैलगाडीत, मोटरसायकलवर, एकदा तर नवरदेवासाठी सजवलेल्या ऑटोत बसून आमच्या दारात यायच्या. बाबा जुनी तांब्याची तार ओढून काढत, तिचा कर्रकर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. नव्या तारेवर वार्निश चढवलं की त्याचा वास पडद्याखालून थेट चुलीपाशी पोचायचा. "माह्या वरणालेही आता वार्निश लागलं असंन," आई म्हणायची आणि ज्वारीची भाकर जास्तच जोरात थापायची. अंबाडीची भाजी, ठेचा, भाकर आणि वार्निश. आजही कुठल्या शहरात रंगाच्या दुकानासमोरून जाताना मला एकदम भूक लागते, आणि सोबतचे लोक माझ्याकडे संशयाने पाहतात.

बाबांची एक रीत होती, तिच्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे, म्हणून ती आधीच सांगते. गिऱ्हाईक येताना स्वतःच निदान घेऊन यायचं. "भाऊ, मोटार एकदम चांगली हाये, फक्त स्टार्टरनं दगा देल्ला." बाबा "हो हो" म्हणायचे, त्याला चहा पाजायचे, वाटेला लावायचे. तो गेला की मोटार उघडायचे. विजेच्या बोर्डाला जोडलेल्या दोन तारा, एकीच्या मधे एक साधा बल्ब. तारांची टोकं कॉइलच्या टोकांना लावायची. बल्ब पेटला तर कॉइल आतून सलग आहे, नाही पेटला तर कुठेतरी तुटली आहे. याला ते सिरीज लावणं म्हणत. मी एकदा विचारलं, "मंग गिऱ्हाईक खोटं बोलते काय?" तर म्हणाले, "नाही व. त्याले जे वाट्टे थे सांगते. पण मोटार त्याच्या वाटण्यावर चालत नाही."

मी त्या काळात पत्रकं लिहायची. आत्मकथन लिहायला केस पिकावे लागतात, असं मला एका संपादकांनी सुनावलं आहे. माझे पिकलेले नाहीत. पण ज्यांचे पिकले त्यांनी आमच्या घरांबद्दल, आमच्या कॉलेजांबद्दल काय लिहिलं? काही नाही. म्हणून मी थांबायला तयार नाही. तर, पत्रकं. विद्यार्थी संघटनेत मला जी लिहिण्याची तालीम मिळाली ती अशी: पहिलं वाक्य प्रश्नाचं, दुसरं संतापाचं, मधे "जाहीर निषेध" आणि शेवटी उद्गारचिन्हं, जितकी मावतील तितकी. शिष्यवृत्ती अडकली, पत्रक. वसतिगृहात पाणी नाही, पत्रक. पाचची एसटी रद्द झाली की मुलींना अंधार पडेस्तोवर स्टँडवर बसावं लागायचं, त्यावर तर मी इतकी पत्रकं काढली की कंट्रोलर मला पाहिलं की खिडकी लावून घ्यायचा. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तसं कॉलेज प्रत्येक तालुक्यात एक असतं: समोर पुतळा, मागे बाभळी, मधे अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांचा स्टाफ.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या लायब्ररीत राठोड मॅडम आल्या. पुसदकडच्या तांड्यावरून शिकून वर आलेल्या, ठेंगण्या, आवाज मात्र असा की वाचनकक्षात त्या कुजबुजल्या तरी बाहेर सायकल स्टँडवर ऐकू यायचं. त्यांच्याआधी लायब्ररी म्हणजे काय होतं? एक जाळीची खिडकी. खिडकीतून चिठ्ठी आत द्यायची, आतून "नाही" बाहेर यायचं. मॅडमनी पहिल्या महिन्यात ती जाळी उचकटून काढली आणि दुसऱ्या महिन्यात दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधून पाटी लावली: "उपवर प्रश्नांसाठी सुयोग्य स्थळे पाहिजेत. शनिवारी, दुपारी, वाचनकक्षात. चहा मिळेल."

चहासाठी निम्मं कॉलेज लोटलं. आत गेलो तर भिंतीला फुगे, टेबलावर पुस्तकं ओळीने मांडलेली, आणि लायब्ररीचे शिपाई गजूभाऊ खांद्यावर जरीचा शेला टाकून मध्यस्थ बनून उभे. मॅडमनी खेळ समजावला. प्रत्येकाने मनात खरोखर असलेला एक प्रश्न आणायचा. आमच्याच गावच्या पंकजने आणला, "आमच्या तळ्यातल्या मासोळ्या काहून मेल्या?" एकीने आणला, "बोंडअळी फवारूनही परत काहून येते?" केळापूरकडच्या एका मुलाने विचारलं, कोलामी बोलीत कुणी काही लिहून ठेवलंय का. हा प्रश्न म्हणजे उपवर मुलगी. तिच्यासाठी योग्य पुस्तक शोधायचं, म्हणजे स्थळ. कपाट हे गाव, फळी ही गल्ली, पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी हा घरनंबर. आणि स्थळ सापडलं की लगेच हो म्हणायचं नाही. चौकशी करायची.

गजूभाऊंनी काम सुरू केलं. पंकजच्या हातात त्यांनी एक जाडजूड पुस्तक ठेवलं. "घ्या जावई पाहून! एकुलतं एक पुस्तक, कडक बांधणी, सोनेरी अक्षरं, निर्व्यसनी!" पंकज खूश. मॅडम म्हणाल्या, "उघड तरी." उघडलं तर निम्मी पानं कोरी, छपाईतच राहिलेली, आणि उरलेल्या अर्ध्यात माशांचं नावही नाही. "मागच्या पानावर स्तुती छापलेली असते ना," मॅडम म्हणाल्या, "ती म्हणजे गजूभाऊ. मध्यस्थ कधी वाईट सांगत नाही. वय पाहा, म्हणजे कोणत्या साली छापलं. घराणं पाहा, कोणी छापलं. आणि शेवटची पानं पाहा. लेखकाने कुणाकुणाच्या आधाराने लिहिलं ते तिथं असतं. ज्या पुस्तकाला नातेवाईकच नाहीत, त्याच्या घरी पोरगी देताना दहादा विचार करा."

सगळे हसत होते. मी पेटले होते. कॉलेजात प्राध्यापक नाहीत, लायब्ररीत पुस्तकं नाहीत, आणि इथं लग्न-लग्न खेळायचं? तेही ज्या जिल्ह्यात मुलींची कॉलेजं लग्नापायी सुटतात तिथे? मी उभी राहून म्हटलं, "मॅडम, प्रश्नच काहून पोरगी? पुस्तकच काहून पोरगा? हे पुरुषी हाये."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "बरोबर. गजूभाऊ, पाटी बदला. आजपासून प्रश्न नवरदेव. तो घरोघरी पोहे खात फिरेल आणि पुस्तकं त्याला नापास करतील."

लोक आणखी हसले. आंदोलकाचं याहून मोठं नुकसान कुणी करू शकत नाही: मागणी लगेच मान्य करायची. मी रात्रीतून पत्रक लिहिलं आणि सोमवारी सकाळी गेटवर वाटलं. "ग्रंथालय की मंगल कार्यालय? शेकडो विद्यार्थी पुस्तकांवाचून तडफडत असताना, कित्येक वर्षांत एकही नवे पुस्तक आलेले नसताना, हा पोरखेळ कशासाठी? जाहीर निषेध!!! — सर्व विद्यार्थी."

पुढच्या शनिवारी वाचनकक्षात मधोमध एक खुर्ची होती, खुर्चीवर माझं पत्रक, पत्रकाला झेंडूचा हार. "आज एक स्थळ चालून आलंय," मॅडम म्हणाल्या. "करा चौकशी." मी उठून जाणार होते, पण दाराशी गजूभाऊ शेला सावरत उभे.

"स्थळाच्या बापाचं नाव?" पंकजने सुरुवात केली.

"सर्व विद्यार्थी," कुणीतरी वाचलं.

"बाप लय, अन् पत्ता एकाचाही नाही!"

"'शेकडो' लिवलं. मोजले कोणं?"

"'तडफडत' म्हणते. मी त कालच निवांत झोपलो होतो अथीच, पंख्याखाली."

मॅडमनी हात वर केला. "'कित्येक वर्षांत एकही नवे पुस्तक नाही.' सुजाता, हे तुला कुणी सांगितलं?"

"साऱ्या कॉलेजले माहीत हाये."

"सारं कॉलेज या खुर्चीवर मावत नाही. एक नाव सांग."

"रूपालीनं सांगतलं."

रूपाली, माझी बसमधली मैत्रीण, दचकली. "मले त पंकजनं सांगतलं."

पंकज डोकं खाजवू लागला. "मले... थांबा. अबे, मले त हिनंच सांगतलं! कँटीनमंधी, आलूबोंडा खाता खाता!"

ते हसू अजून माझ्या कानात आहे. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन नळ काढले आणि तिन्हींच्या पाइपा एका टाकीत नेऊन जोडल्या. "तीन ठिकाणी तेच ऐकलं की आपल्याला वाटतं, पक्कं झालं. नळ तीन आहेत. टाकी एक आहे. टाकीतलं पाणी चांगलं असेलही. पण तीन नळांना आलं म्हणून ते चांगलं ठरत नाही. टाकीवर चढून झाकण उघडायचं."

मी रडवेली नव्हते, रागाने लाल झाले होते. "मंग उघडा झाकण! पुस्तकं आली असतील त दाखवा!"

मॅडमनी कमरेची किल्ली काढली. त्यांना हेच हवं होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. मागच्या खोलीत सुतळीने बांधलेले गठ्ठेच गठ्ठे, छतापर्यंत. नवीकोरी पुस्तकं. त्यांच्यावर धूळ, आणि एका गठ्ठ्यावर मांजरीने घर केलेलं. "पुस्तकं आलीत," त्या म्हणाल्या. "नोंदी करायला, चिठ्ठ्या लावायला माणसं नाहीत. जागा रिकाम्या आहेत, भरल्या जात नाहीत. मी आणि गजूभाऊ, दोघंच. चिडायचं असेल तर यावर चीड. आणि खाली स्वतःचं नाव घाल."

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. खोली, गठ्ठे, मांजर, रिकाम्या जागा, आणि खाली माझं नाव. पहिल्या पत्रकावर प्राचार्यांनी चहाचा कप ठेवला होता. दुसरं वाचून त्यांनी मला बोलावलं, आधी ओरडले, मग खोली स्वतः पाहून आले, आणि दुपारच्या तासांनंतर विद्यार्थ्यांनी नोंदीच्या कामाला बसायला परवानगी दिली. तेव्हापासून दुपारभर मी खिडकीशेजारच्या एका टेबलाशी डिंकाची बाटली घेऊन चिठ्ठ्या लावत बसू लागले. मागची खोली महिनाभरात निम्मी रिकामी झाली. मांजरीला पिल्लं झाली. रिकाम्या जागा मात्र त्या कॉलेजात अजून रिकाम्या आहेत, मी गेल्या पावसाळ्यात जाऊन पाहून आले. कोणी मला विचारलं की बाई, तुमची चीड अजून गेली कशी नाही, तर मी त्याला तिकडे घेऊन जाते.

अशात एक दिवस मारेगावची कमलआत्या आली. बाबांची थोरली बहीण. ती आली की आमच्याकडे कढीगोळे होतात, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातचे खात नाही आणि आईच्या हातच्यांना नावं ठेवत चार वाट्या संपवते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने सुरू केलं. "पोरगा ढाणकीचा. आपल्यातलाच. कृषी केंद्र हाये, सोताचं. एमेस्सी झाला. एकुलता एक. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. अनं लग्नानंतर शिकू देतो म्हणते!" मला वाटलं, आमच्या पडद्यामागे गजूभाऊ शेला टाकून उभे आहेत.

पाहुणे येत्या रविवारी येणार होते. आमच्या भागातली रीत अशी, की पोरगी पसंत पडली की पाहुण्यांना परत कशाला पाठवायचं, त्याच दुपारी साखरपुडा उरकून टाकतात. म्हणजे रविवारी सकाळी पोहे आणि रविवारी संध्याकाळी मी दुसऱ्याची. लग्न एप्रिलमध्ये. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये. "परीक्षा काय, दरसाल येते," आत्या म्हणाली. "असं स्थळ येते काय?"

मी चुलीपाशी जाऊन भाषण ठोकलं. ही मुलींच्या शिक्षणाची हत्या आहे, या व्यवस्थेचा मी धिक्कार करते, वगैरे. आई पाहुण्यांसाठी चिवडा करत होती, मोठ्या कढईत, शेजारणीकडून मागून आणलेल्या झाऱ्याने. "हत्या असो का काई असो," ती म्हणाली, "शेंगदाणे जळून राह्यले, थे काढ आधी." मी शेंगदाणे काढले. मग ती हळू आवाजात, कढईतच पाहत म्हणाली, "माह्या दहावीच्या वक्ताले मीही लय रडली होती. रडण्याले कोणी भेत नाही, व माय. अनं भाषणालेही नाही. त्याईले पटंन असं बोल."

हे आईने मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. 

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. मी आवाज चढवला नाही. कढी वाढता वाढता विचारलं, "आत्या, पोराचं सारं तुले कोणं सांगतलं?"

"माह्या जावेनं. तिच्या माहेरचं ढाणकीच हाये."

"तिले कोणं?"

"आता तिले... पुंडलिकमामा आले होते तिच्याकडं, त्याईनं."

पुंडलिकमामा म्हणजे आमच्या सगळ्या नातेवाइकांत सोयरिकी जुळवणारे. कुणाचे सख्खे मामा नाहीत, पण सगळ्यांचे मामा.

"आई, तुले कोणं सांगतलं?"

"अंगणवाडीच्या बाईनं सांगतलं, की चांगलं घर हाये म्हणून. तिच्या बसमंधी पुंडलिकमामा भेटले होते म्हणे."

"अनं बाबा, तुमाले?"

बाबांनी घास ताटातच ठेवला. "मले... पुंडलिकमामाच."

"नळ तीन," मी म्हटलं. "टाकी एक."

आत्या म्हणाली, "हे काय नळ-टाकी लावलं? पोरगी यड्यासारखी बोलते, अनं तुमी ऐकून घेता!" पण बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "बाबा, गिऱ्हाईक म्हणते मोटार चांगली हाये. तुमी ऐकता का?"

"नाही."

"खोलून पाह्यता. सिरीज लावता."

"लावतो."

"मंग माह्या जिंदगीले सिरीज काहून नाही लावत?"

 बाहेर दुकानात कुणाची तरी दुरुस्त झालेली मोटार चाचणीसाठी लावलेली होती, तिचा एकसारखा आवाज तेवढा येत होता. बाबा उठले, हात धुतले, आणि म्हणाले, "उद्या ढाणकीले जातो."

ते पहाटेच्या बसने गेले. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, बसा बदलत, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला. मी कॉलेजला गेले नाही. दिवसभर आत्या चिवड्याच्या डब्याकडे आणि मी रस्त्याकडे पाहत बसलो. स्थळ चांगलं निघालं, तर माझं कॉलेज संपलं, हे मला कळत होतं. मीच त्यांना पाठवलं होतं, आणि खरं जे असेल ते मला मानावं लागणार होतं. पत्रकवाल्यांना ही गोष्ट सवयीची नसते.

बाबा दिवे लागल्यावर आले. पाय धुतले, पाणी प्यायले, चहा मागितला आणि एकदम हसायलाच लागले. बाबा फार हसणारे नव्हेत. आई घाबरली.

"दुकान हाये," ते म्हणाले. "पाटी हाये. पण पाटीवर नाव चुलतभावाचं. पोरगा गल्ल्यावर बसते. मी गिऱ्हाईक होऊन गेलो. म्हटलं, तुरीचं बी दाखव."

"या दिवसांत तुरीचं बी?" आई म्हणाली. तिच्या माहेरी शेती आहे.

"थेच त! पोरगा माह्याकडं पाह्यतच राह्यला. म्हणे, काका, तूर निघून राह्यली सध्या, बी कोण घेते? मी म्हटलं, पाहून ठेवतो." बाबांना पुन्हा हसू आलं. "चांगला पोरगा. बसा म्हणे, चहा सांगतला. मंग इचारलं, काका, कोठले? मी म्हटलं, बोरी अरबचा. त त्यानं स्टूल जवळ ओढला, अनं हळूच म्हणते, काका, तुमच्या बोरीतली एक मुलगी हाये, लायब्ररीत नोकरीले लागली म्हणते, पर्मनंट. तुमच्या वळखीची हाये काय?"

"कोण मुलगी?" आत्याने विचारलं.

"हे!" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे आपली! मले चहाचा ठसका लागला. थो तिची चौकशी करून राह्यलता अनं मी त्याची, समोरासमोर बसून!"

मग दोघांनी एकमेकांना खरं सांगून टाकलं होतं. पोरगा एमेस्सी नव्हता. बीएस्सीचे दोन विषय राहिले होते, ते काढल्याशिवाय त्याला लग्नच करायचं नव्हतं. पण नोकरीवाली मुलगी आहे म्हटल्यावर त्याच्या घरचे ऐकेनात. आणि मला नोकरी कुठून लागली? पुंडलिकमामा भाच्याच्या दाखल्यासाठी आमच्या कॉलेजात आले होते, त्यांनी मला टेबलाशी बसून चिठ्ठ्या लावताना पाहिलं होतं. तेवढंच. मामांनी खोटं सांगितलं, असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं. पण त्या वाटण्यावर दोन घरं रविवारी साखर वाटणार होती.

आत्या फार फणकारली. "चौकशी केल्यानं सोयरीक मोडते!"

"मोडली नाही, कमलबाई," बाबा म्हणाले. "लागलीच नव्हती. बल्ब पेटलाच नाही."

"अनं मंग हा चिवडा कोण खाईन?" आत्या म्हणाली.

रविवार टळला. पण आत्या जाताना सांगून गेली की मारेगावातच एक चांगलं घर आहे, ती पुढच्या पंधरवड्यात घेऊन येते. बाबा त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते मला जास्त लागलं. एक स्थळ चौकशीत गेलं, दुसरं चौकशीत पास होईल. त्यांना माझा मुद्दा पटला होता, माझं कॉलेज पटलं की नाही ते कळत नव्हतं. मी विचारलंही नाही. आईने डोळ्यांनीच सांगितलं होतं, थांब.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत खेळ सुरू होता. फुगे जुनेच, जरा सुकलेले. गजूभाऊ शेला टाकून एका पुस्तकाची तारीफ करत होते, आणि दारात बाबा उभे. हातात चिवड्याचा पत्र्याचा मोठा डबा, बोटांना वार्निश. तांब्याची तार घ्यायला दारव्ह्याला आले होते म्हणे. कॉलेजात त्यांनी याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी उठायच्या आत गजूभाऊंनी त्यांना गाठलं. "या, मामा, या! तुमच्यासारख्याचीच वाट पाहून राह्यलो होतो. हे घ्या, एकुलतं एक पुस्तक, कडक बांधणी, निर्व्यसनी!"

बाबांनी डबा खाली ठेवला. पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, गंभीरपणे. "तुमी वाचलं काय?"

गजूभाऊ गडबडले. "मी... नाही. पण सारे चांगलं म्हणते."

"सारे म्हणजे कोण?"

सगळा वाचनकक्ष टाळ्या पिटायला लागला. पंकज बाकावर उभा राहिला. मॅडम पुढे आल्या, नमस्कार केला, "तुम्ही सुजाताचे वडील" म्हणाल्या, विचारलं नाही. बाबा म्हणाले, "पुस्तकाचं ऱ्हाऊ द्या, मॅडम. माही पोरगी दिवसभर कुठी बसते, थे मले पाह्यचं हाये."

मॅडमनी त्यांना आत नेलं. मी मागे मागे. बाबा कपाटांच्या मधून असे चालले, जसे पोरीचे वडील पाहुण्यांच्या घरात चालतात: छत पाहिलं, खिडकी उघडून उजेड किती येतो ते पाहिलं. "पाणी कुठी हाये?" मॅडमनी माठ दाखवला. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. "दार किती वाजता लावता?" मॅडमनी सांगितलं. "पाचच्या बसच्या आधी सोडता ना?" सोडतो म्हणाल्या. मागच्या खोलीत उरलेले गठ्ठे पाहिले, मांजरीची पिल्लं पाहिली. मग खिडकीशेजारच्या टेबलाशी आले. माझी डिंकाची बाटली, अर्धवट लावलेल्या चिठ्ठ्या. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, एका चिठ्ठीवरून वार्निशचं बोट फिरवलं. खुर्चीचा पाय डुगडुगत होता. वाकून पाहिलं, खिशातून पाना काढला आणि नट घट्ट केला.

मागे चिवड्याचा डबा उघडला गेला होता. लायब्ररीत खायला मनाई असल्याची पाटी दिसत होती, आणि तिच्याखाली पंकज मूठ भरून उभा होता.

बाबा उठले. मॅडमकडे पाहून, हात जोडून म्हणाले, "घर चांगलं हाये. पोरगी अथीच राहू द्या."